साडेचार मीटर मशरू, पाच चोळ्या आणि विरार लोकल

तुमच्या आईच्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा कधी उघडून बघितलाय? नसेल तर या वीकेण्डला बघाच. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, डांबरगोळ्यांचा वास मारणारे, घडीवर फिकट रेघ उमटलेले पाच-पन्नास खण आणि ब्लाउजपीस तिथे नक्की सापडतील. कुणाच्या बारशाला ओटीत आलेला, कुठल्या मावशीने मंगळागौरीला दिलेला, कोल्हापूरहून येताना ‘रंग आवडला म्हणून’ उचललेला. शिवलेला एकही नाही! विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘असू दे गं, कधीतरी उपयोगी पडेल.’

थोडक्यात, कशासाठी ते न ठरवता कापड घेऊन ठेवणं ही आपल्या घराघरातली जुनी, मान्यताप्राप्त रीत आहे. त्यामुळे मागच्या महिन्यात मी ऑफिसमधून लवकर सटकून मंगळदास मार्केटमध्ये शिरले आणि बाहेर पडले तेव्हा हातात साडेचार मीटर मशरू होतं, यात मला तरी काही जगावेगळं वाटत नाही.

खरं तर गेले होते पडद्याचं कापड बघायला. मंगळदासला गेलेल्यांना माहीतच असेल, तिथल्या गल्ल्या एवढ्या चिंचोळ्या की समोरून गठ्ठा घेऊन हमाल आला की तुम्हाला कुठल्या तरी दुकानात चढावंच लागतं. मी चढले. समोर गादीवर अर्धवट उलगडलेलं ठाण होतं. गर्द लाल, त्यावर हळदी पिवळे आणि मधूनच बारीक हिरवे उभे पट्टे. वरून रेशमासारखं चकाकणारं, हात फिरवला की लोण्यासारखं. उलटी बाजू मात्र साधी, सुती. मी नुसतं विचारलं, ‘कितीला?’ दुकानदार म्हणाला, ‘मीटर का चारसौ बीस. साडेचार मीटर बचा है मॅडम, पूरा ले लो, यह डिझाइन फिर नहीं आएगा.’ चाळीस रुपये सोडवून अठराशे पन्नास मोजले आणि मरीन लाइन्सच्या दिशेने चालायला लागले.

घरी आईने कापड उलटंपालटं केलं, दोन बोटांत चोळून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘काय शिवणारेस?’

‘१७३९,’ मी म्हटलं.

तटाच्या आत की बाहेर?

वसई-विरारकरांना ही तारीख सांगायला नको. १५३४पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांच्या फौजेने मे १७३९मध्ये किल्ला घेतला, म्हणजे दोनशे पाच वर्षांनी. आमच्या सकाळच्या विरार लोकलच्या लेडीज डब्यात पाच जणींचा पक्का ग्रुप आहे. दरवर्षी मे महिन्यात किल्ल्यावर भटकायला जायचं, ऊन तापायच्या आत परत यायचं, असा आमचा रिवाज. या वर्षी एकीने आयडिया काढली की त्या काळातले कपडे घालून जाऊ या. आयडिया सॉलिड, पण लगेच प्रश्न आला, त्या काळातले म्हणजे कुणाचे?

कारण ‘ऐतिहासिक वेशभूषा’ म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी मिळतात. मुलग्यांना चकचकीत सोनेरी लेस लावलेला पॉलिएस्टरचा अंगरखा आणि मुलींना शिवलेली, चेन लावलेली नऊवारी. दोन्ही भाड्याने, दोन्ही अंगाला टोचणारे. वसईची गंमत अशी की इथला इतिहास दोन्ही बाजूंचा आहे. आमच्या पाच जणींत दोघी इथल्याच गावांमधल्या ख्रिस्ती घरांतल्या. त्यांचे पूर्वज तेव्हा पोर्तुगीजांच्या मुलखात राहत असणार. एकीचे, घरच्या समजुतीनुसार, मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेले. उरलेल्या दोघींचे कोकणात आणि देशावर कुठे तरी नांगर धरत असतील. सरदार तर कुणाच्याच घरात नव्हता!

मुघल दरबारात म्हणे अंगरख्यासारख्या कपड्याच्या बंदांवरून माणूस ओळखता यायचा. हिंदू डावीकडे बांधत, मुसलमान उजवीकडे. चित्रं अभ्यासणारे आजही हा बारकावा आधी बघतात. हे मी डब्यात सांगितल्यावर नंदाखालची आमची मैत्रीण पटकन म्हणाली, ‘आणि आमच्यासारख्यांनी कुठे बांधायचं? पाठीमागे?’ अख्खा डबा हसला. पण प्रश्न खराच होता. त्यावर उत्तर सापडलं ते चोळीत. जुन्या चोळीची गाठ पुढे असते, बरोब्बर मधोमध.

पन्हा बघा, मग बोला

शिवणकामाचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिला धडा एकच: आधी डिझाइन, मग मापं, मग कटिंगचा नकाशा आणि सगळ्यात शेवटी कापड. मी क्रम उलटा केला म्हणून आमच्या सोसायटीतल्या टेलरकाकांनी मान हलवली. पण जुने कपडे जरा नीट बघितले की लक्षात येतं, तेव्हा क्रम असाच होता. कापड आधी, कपडा नंतर.

सगळ्यात ढळढळीत पुरावा आपल्या भाषेतच आहे. ‘खण’ म्हणजे काय? एका चोळीला पुरेल एवढं कापड. म्हणजे कपड्याच्या मापावरून कापड नाही, तर कापडाचा तुकडाच कपड्याचं माप. ओटीत खण घालताना समोरचीची छाती-कंबर कुणी मोजतं का? तो खण सोळा वर्षांच्या पोरीला आणि साठीच्या बाईला सारखाच. शिवणारीने तो तिच्या अंगावर बसवायचा, हे गृहीत धरलेलं. आणि आज दुकानात मिळणारा ब्लाउजपीससुद्धा साधारण ऐंशी सेंटिमीटरचाच असतो, खणाच्याच वंशातला.

लुगडं तर त्याही पुढचं. नऊ वार कापड, त्याला ना कात्री ना सुई. अंगरख्याचा घेरसुद्धा गोल कापलेला नसतो. सरळ उभ्या पट्ट्या आणि तिरक्या कळ्या एकमेकींना जोडून तो होतो. कारण सोपं आहे. हातमागावर बसलेला विणकर धोटा एका हाताने टाकून दुसऱ्या हाताने झेलतो. त्याचे हात जेवढे पोचतील साधारण तेवढाच कापडाचा पन्हा. अरुंद कापड, त्यात महागडं, त्यामुळे एक वीतसुद्धा वाया घालवायची सोय नाही. म्हणून जुन्या कपड्यांचे तुकडे चौकोनी, लांबट किंवा तिरके, एकाला एक खेटून कापता येतील असे. आजच्या शर्टाचं कटिंग टेबलावर बघा, बोळक्यासारख्या गोलाईंच्या मधे किती चिंध्या पडतात! त्यामुळे कापडाच्या दुकानात माझा पहिला प्रश्न आता ‘कितीला’ नसतो. ‘पन्हा किती?’ हा असतो. माझ्या मशरूचा ३४ इंच आहे.

बरं, हे मशरू म्हणजे तरी काय? अरबी शब्द आहे, अर्थ साधारण ‘धर्माला मान्य असलेलं’. मुसलमान पुरुषांनी अंगाला रेशीम लावू नये असा दंडक, पण रेशमाची हौस तर होतीच. मग विणकरांनी तोडगा काढला. उभे धागे रेशमाचे, आडवे सुताचे आणि वीण साटिनची. त्यामुळे वरच्या बाजूला रेशीमच रेशीम दिसतं आणि त्वचेला लागतं ते सूत. नियम पाळला आणि मिरवलंही! पुढे हे कापड सगळ्यांचंच झालं. गुजरातेत पाटण आणि कच्छमधल्या मांडवीला ते आजही विणतात. आपल्याकडे औरंगाबाद, म्हणजे २०२३पासूनचं छत्रपती संभाजीनगर, हिमरूबरोबर मशरूसाठीही नावाजलेलं होतं. तुमाना, सुरवारी आणि चोळ्या यांच्यासाठी हे कापड एकदम फिट. वरून झगमग, आतून घाम शोषणारं. वसईच्या मे महिन्यात याचं महत्त्व सांगायला नको.

साडेचार मीटर भागिले ऐंशी सेंटिमीटर. पाच चोळ्या आणि वर अर्धा मीटर गोटाला. पाच जणी, पाच चोळ्या. माझ्या इम्पल्स शॉपिंगने हिशेब बघा कसा जुळवला!

आजींची कात्री

तरीही कापडाला कात्री लावायची म्हटल्यावर माझे हात थंड पडले. एक तुकडा वाकडा गेला असता तर पाचवी चोळी गेली असती आणि ते ठाण पुन्हा मिळणार नव्हतं. नंदाखालची मैत्रीण म्हणाली, ‘आमच्या आजीकडे चल.’

वसईच्या कुपारी वस्तीत वयस्कर बायका अजूनही लाल लुगड्यात दिसतात. या आजी त्यातल्याच. वय नव्वदीच्या घरात, नातीशी कादोडीत बोलणार, माझ्याशी मराठीत. मी पिशवीतून मेजरटेप, खडू, ब्राऊन पेपरवर काढलेलं डिझाइन असं सगळं बाहेर मांडलं. आजींनी ते सगळं हाताने बाजूला सारलं आणि कापड मागितलं. आधी उजेडाकडे धरून दोन्ही बाजू बघितल्या. मग काठाचा एक धागा ओढून तो सरळ येतो का ते पाहिलं. मग मला उभं केलं. खांद्यापासून छातीखालपर्यंत एक वीत आणि चार बोटं, पाठ दोन विती, दंड एक वीत आणि दोन बोटं. झालं. कागदावर काही लिहिलं नाही.

‘खडू नको?’ मी विचारलं.

‘घडी घाल, नखाने दाब. ती रेघ पुसत नाही आणि डागही पडत नाही,’ आजी म्हणाल्या.

मी आधी मांजरपाटाचा नमुना करायचं ठरवलं होतं. दीड मीटर मांजरपाट विरारच्या बाजारातून आणून, रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून तयार ठेवला होता. तेवढं मात्र आजींना पटलं. त्या नमुन्यावर त्यांनी मला पहिली चोळी कापायला लावली. पाठीचा एक चौकोन, पुढचे दोन तुकडे, दोन बाह्या आणि बगलेत बसवायला एक छोटा चौकोन, कर्णावर फिरवलेला. हा बगलेतला तुकडा म्हणजे खरी जादू. तो नसेल तर सरळ कापलेल्या बाहीत हात वर होत नाही. तो असेल तर त्या बाईला विहिरीचं पाणी शेंदता येतं, आणि आम्हाला लोकलच्या वरच्या कडीला लटकता येतं. त्यात भरलेला पिसारा नाही, डार्ट नाही, पॅड नाही. चोळी अंगावर बसते ती पुढच्या गाठीने. गाठ आवळली की लहान, सैल केली की मोठी. बाळंतपणाआधी आणि नंतर तीच चोळी.

आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. शिवण अशी घालायची की उसवता आली पाहिजे. चोळी विरली की तिचे तुकडे सुटे करून लहान मुलीची चोळी, तीही विरली की गोधडीत. म्हणून शिवणीला आत कापड सढळ सोडायचं. ‘आणि लुगड्याला कात्री लावायची नाही,’ जाताजाता त्यांनी बजावलं. चेन लावलेल्या शिवलेल्या नऊवारीबद्दल त्यांचं मत मी इथे छापत नाही.

मशरूला कात्री लागली ती दुसऱ्या रविवारी, त्यांच्याच ओट्यावर. पाच लांबी, पाच घड्या. आजी शेजारी बसून शेंगा सोलत होत्या, एकदाही टोकलं नाही.

धावदोरा, बोरिवली ते दादर

शिवणयंत्राचं पेटंट एलियास हाउने घेतलं १८४६ साली, सिंगरने १८५१मध्ये. म्हणजे १७३९ची चोळी हातानेच शिवायची, हा आमचा ग्रुपचा नियम. वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न लोकलने सोडवला. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. लेडीज डब्यात बायका भाजी निवडतात, लोकरीचे स्वेटर विणतात, हळदीकुंकू करतात. मग चोळी का नाही?

अनुभवाचे बोल सांगते. खिडकीची सीट मिळाली तरच सुई काढायची. वसई ते बोरिवली बरं जातं. खाडीच्या पुलावर गाडी एका लयीत चालते, तिथे धावदोरा सरळ येतो. बोरिवलीला गर्दी आत घुसली की सुई कापडात टोचून पिशवीत. मशरूची साटिन वीण भलती निसरडी आणि कापलेल्या कडेचे धागे सुटतात, त्यामुळे कडा आत दुमडून दुसरा धावदोरा घालावाच लागतो. बगलेचे चार कोपरे मात्र घरीच, ट्यूबलाइटखाली, उलटी टीप घालून. एक चोळी पुरी व्हायला मला अकरा दिवस लागले. अंधेरीला उतरणारी आमची एक मेंबर सहा दिवसांत संपवून मोकळी, कारण ती बोलत कमी!

या सगळ्यात एक शोध लागला. आमच्या शिवणाच्या डब्यात पोर्तुगीज अजून ठाण मांडून बसलेत. चोळीच्या कडेला लावायची फीत, शर्टाचं काज, हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले, आणि इस्त्रीसुद्धा तिकडचीच मानतात. किल्ला गेला, शब्द राहिले. आमच्या चोळीला काज नाही, पण इस्त्री मात्र लागली.

किती खरं, किती चालेल?

ऑफिसमधल्या एका अतिअभ्यासू मित्राने विचारलंच, ‘तुझं मशरू तरी त्या काळातलं आहे का?’ मग केली टेस्ट. तुम्हीही करा, सोपी आहे. कापडाचा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळायचा. सूत असेल तर कागदासारखा वास आणि भुरभुरीत राख. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. माझे आडवे धागे सुताचे निघाले. उभे, चकाकणारे धागेही कागदासारखेच जळले, म्हणजे रेयॉन. दुकानदाराने ‘आर्ट सिल्क’ म्हणून आधीच सांगितलं होतं, आणि चारशे वीस रुपये मीटरमध्ये खरं रेशीम कोण देईल? रेयॉन हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं बाळ. पण वीण तीच, पट्टे तेच, अंगावरचा पडही तोच. माझ्या हिशेबात चालतंय.

रंगाबाबत मी जास्त कडक आहे. पहिला कृत्रिम रंग विल्यम पर्किनने इंग्लंडमध्ये शोधला १८५६ साली, जांभळा. त्याआधी लाल म्हणजे मंजिष्ठा किंवा लाख, निळा म्हणजे नीळ, पिवळा म्हणजे हळद, डाळिंबाची साल. म्हणजे १७३९ला निऑन पिंक नव्हता! कापड घेताना एवढं एक ध्यानात ठेवलं तरी अर्धी लढाई जिंकली.

संदर्भ कुठे बघायचे? भानू अथय्या आपल्या कोल्हापूरच्या. ‘गांधी’साठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. १९६६च्या ‘आम्रपाली’चे कपडे करताना त्यांनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासली होती. आपणही चित्रंच बघावीत. पोर्तुगीज इथे नवे असतानाचं, १५४०च्या आसपासचं एक चित्रपुस्तक रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात आहे. त्यात इथल्या किनाऱ्यावरची माणसं त्यांच्या कपड्यांसकट रंगवलीत. नंतरच्या काळासाठी वाईजवळ मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रं प्रत्यक्ष बघता येतात, आणि फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तर ऑफिसवाल्यांना हाकेच्या अंतरावर.

मुलग्यांनो, तुम्हाला अंगरखा झेपणार नसेल तर बाराबंदी शिवा. नावातच बारा बंद, काज-बटणांची कटकट नाही, आणि पांढऱ्या मांजरपाटाचीही झकास होते. ती म्युझियममधली वस्तू आहे असं वाटत असेल तर संक्रांतीला सोलापुरात जा. सिद्धेश्वरांच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक रस्त्यावर दिसतील. आमच्या डब्यातल्या एकीच्या नवऱ्याने ऑर्डर दिलीच होती. तिने त्याच्या हातात सुई दिली. चार बंद झालेत, आठ बाकी.

मेपर्यंत पाचही चोळ्या तयार असतील. चार झाल्यात, पाचवीची एक बाही शिल्लक आहे. लुगडी घरातलीच, आयांची आणि आज्यांची. माझी अर्थात न शिवलेली. आता रोज रात्री मी ती नेसायची प्रॅक्टिस करतेय. पहिल्या दिवशी पस्तीस मिनिटं लागली होती, काल बारा.

तुम्हाला जायचं असेल तर मंगळदास मार्केट रविवारी बंद असतं. भाव करा, पण ‘पन्हा किती’ हे आधी विचारा आणि रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. ठाण संपत आलं असेल तर उरलेलं सगळं मागा, शेवटच्या तुकड्यावर दुकानदार थोडे पैसे सोडतो. आणि परतीची विरार मरीन लाइन्सला पकडायच्या भानगडीत पडू नका. कापडाची पिशवी घेऊन सरळ चर्चगेटला चालत जा, तिथूनच सीट मिळते.